कंपायलरचं विरजण

दही लावायला विरजण लागतं, आणि विरजण म्हणजे कालचंच दही. मग जगातलं पहिलं दही कशाने लागलं? कंपायलरचंही हेच कोडं आहे बघा. माणसाने लिहिलेला सोर्स कोड मशीनच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. पण तो स्वतःच त्या भाषेत लिहिलेला असेल, तर त्याला कोण उतरवणार?

१९६२ साली एमआयटीत टिम हार्ट आणि माइक लेव्हिन यांनी लिस्प भाषेचा कंपायलर लिस्पमध्येच लिहिला. लिस्पचा इंटरप्रिटर आधीच होता. संथ, पण कामाचा. त्यावर त्यांनी हा कंपायलर चालवला आणि त्याच्यासमोर त्याचाच कोड ठेवला. झालं काम!

पुढे ही रीतच पडली. जीसीसी आजही तीन टप्प्यांत बांधतात. मशीनवरचा जुना कंपायलर पहिला बांधतो, पहिला दुसरा, दुसरा तिसरा. दुसरा आणि तिसरा तंतोतंत सारखे निघाले की जमलं.

पण विरजणालाच वास लागला असेल तर?

युनिक्सवाल्या केन थॉम्पसनला डेनिस रिचीबरोबर १९८३ चं ट्यूरिंग पारितोषिक मिळालं. १९८४ मध्ये छापून आलेल्या त्याच्या भाषणात त्याने एक भन्नाट उचापत सांगितली. कंपायलरला शिकवायचं, की लॉगिनचा प्रोग्राम दिसला की त्यात गुपचूप एक चोरदार ठेव. आणि स्वतःचा कोड दिसला, की त्यात ही सगळी शिकवण पुन्हा घाल. एकदा कंपाइल केलं की सोर्समधून त्या ओळी पुसून टाकायच्या. आता सोर्स कितीही वाचा, स्वच्छच! चोरी पिढ्यानपिढ्या फक्त बायनरीतून चालत राहते. तीन टप्प्यांची तुलनाही इथे आंधळी, कारण दुसरा आणि तिसरा दोघंही सारखेच बिघडलेले.

मला तर हे वाचून पहिल्यांदा घामच फुटला होता. सोर्स उघडा आहे म्हणून आपण निश्चिंत, आणि गोम भलतीकडेच!

२००९ मध्ये डेव्हिड व्हीलरने आपल्या प्रबंधात यावर तोड मांडली: दुसऱ्याच घराण्यातल्या कंपायलरने तोच सोर्स बांधायचा, त्यातून निघालेल्या कंपायलरने तो पुन्हा बांधायचा, आणि शेवटचा निकाल मूळ बायनरीशी ताडून बघायचा. २०२३ मध्ये गिक्स प्रकल्पाची मंडळी त्याही खाली, अगदी मुळाशी गेली. त्यांचं विरजण फक्त ३५७ बाइटचं. हेक्स आकडे वाचून त्यांचे बाइट करायचे, एवढंच त्याला येतं. त्यावर एकेक पायरी चढत थेट जीसीसीपर्यंत पोचतात. ३५७ बाइट माणूस बसून, बोट ठेवून तपासू शकतो.

ते चालवायला तयार कर्नल आणि कुणीतरी बनवलेली चिप मात्र लागतेच.