वाचकाच्या खिशातले पंचवीस सेंट : स्वतंत्र वेबकॉमिकच्या अर्थकारणाचा इतिहास

१/
१९३८ साली जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी ‘सुपरमॅन’चे सर्व हक्क १३० डॉलरला विकून टाकले. पुढे त्या पात्रावर इतरांनी अमाप संपत्ती मिळवली आणि निर्मात्यांच्या वाट्याला कोर्टकचेऱ्या आल्या. चित्र एकाने काढावे आणि मालकी दुसऱ्याची असावी, हा कॉमिक-व्यवसायाचा जुना रिवाज. इंटरनेटने तो मोडला का, आणि मोडताना किंमत कोणी मोजली, याविषयी हा धागा. 🧵

२/
अमेरिकेत वर्तमानपत्री चित्रमालिकांचे वितरण ‘सिंडिकेट’ नावाच्या संस्था करीत. उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा त्यांचा असे, आणि कित्येकदा पात्रांचे हक्कही त्यांच्याकडेच राहत. ‘कॅल्विन अँड हॉब्स’च्या बिल वॉटरसन यांना आपली पात्रे खेळण्यांवर आणि कपांवर छापली जाऊ नयेत, एवढ्यासाठी सिंडिकेटशी कित्येक वर्षे झुंजावे लागले. १९९१ मध्ये करार बदलला, तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली.

३/
वॉटरसन कीर्तीच्या शिखरावर होते, म्हणून ते झुंजू शकले. नवख्या चित्रकाराला मात्र दारातूनच परत फिरावे लागे. वर्षाकाठी येणाऱ्या हजारो नमुन्यांतून सिंडिकेट मोजक्याच मालिका उचलीत. अशा काळात, सप्टेंबर १९९३ मध्ये, डेव्हिड फार्ली यांचे ‘डॉक्टर फन’ हे एकचौकटी व्यंगचित्र वेबवर नियमित झळकू लागले. संपादक नाही, सिंडिकेट नाही, कागदही नाही.

४/
खरी लाट आली ती १९९७-९८ मध्ये. ऑगस्ट १९९७ मध्ये पीट एब्रम्स यांचे ‘स्लगी फ्रीलान्स’, नोव्हेंबरात जे. डी. फ्रेझर यांचे ‘युझर फ्रेंडली’ आणि पुढल्या वर्षी माइक क्राहुलिक व जेरी होल्किन्स या जोडीचे ‘पेनी आर्केड’ सुरू झाले. संगणक-कर्मचारी, व्हिडिओ गेमचे शौकीन, विज्ञानकथांचे वाचक अशा ज्या वाचकवर्गाकडे वर्तमानपत्रांनी पाठ फिरवली होती, तो येथे आपणहून गोळा झाला.

५/
पण एक विचित्र पेच उभा राहिला. छापील मासिकाचा खप वाढला की उत्पन्न वाढते. वेबकॉमिकचा वाचक वाढला की खर्च वाढे! त्या काळी संकेतस्थळावरून जितका डेटा वाहून जाई, तितके बिल येई. आणि मजकुराच्या मानाने चित्रांचा भार मोठा. लोकप्रियतेनेच चित्रकाराचे दिवाळे वाजावे, अशी ही परिस्थिती.

६/
काही काळ जाहिरातींनी हा भार उचलला. पण २०००-०१ मध्ये डॉट-कॉमचा फुगा फुटला आणि जाहिरातींचे दर कोसळले. ‘जाहिरात नाही, तर पैसे देणार कोण?’ हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा राहिला नाही. या प्रश्नावरून कॉमिकविश्वात जो वाद पेटला, तो आजही वाचण्यासारखा आहे.

७/
वादाच्या एका टोकाला होते स्कॉट मॅक्लाउड. १९९३ च्या ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ या ग्रंथामुळे त्यांचा शब्द वजनदार होता. २००० साली ‘रीइन्व्हेंटिंग कॉमिक्स’मध्ये त्यांनी मांडले की, छापील पुस्तकाच्या किमतीतील मोठा हिस्सा छापखाना, वितरक आणि दुकानदार यांच्याकडे जातो. हे मधले सारे दूर झाले, तर वाचकाने दिलेली काही नाणीसुद्धा चित्रकाराला पुरतील.

८/
याला ‘मायक्रोपेमेंट’ म्हणत. कल्पना देखणी होती. अडचण होती ती यंत्रणेची. कार्डाने पैसे दिले की प्रत्येक व्यवहारावर ठरावीक शुल्क लागे. पंचवीस सेंटांच्या व्यवहारात ते शुल्कच सगळी रक्कम गिळून टाकणार. म्हणून अनेक छोटे व्यवहार एकत्र करणारी मध्यस्थ यंत्रणा हवी होती.

९/
दुसऱ्या टोकाला होते क्ले शर्की. डिसेंबर २००० मधील लेखात त्यांनी दाखवून दिले की अडथळा केवळ शुल्काचा नाही, मनाचा आहे. पैसे एक सेंट असोत की एक डॉलर, ‘द्यावेत की नाही’ याचा विचार वाचकाला करावाच लागतो. त्या विचाराचाच त्याला कंटाळा येतो. शेजारीच फुकट कॉमिक असताना तो हा त्रास घेईल कशाला?

१०/
२००३ मध्ये ‘बिटपास’ ही यंत्रणा आली. वाचकाने आधी थोडी रक्कम भरून ठेवायची आणि मग त्यातून सेंट-सेंट खर्च करायचे. मॅक्लाउड तिचे सल्लागार झाले आणि ‘द राइट नंबर’ हे आपले कॉमिक भागाला २५ सेंट दराने त्यांनी तेथे विक्रीस ठेवले. तीन भाग योजले होते, दोनच आले. जानेवारी २००७ मध्ये बिटपास बंद पडले.

११/
मधला मार्गही चोखाळून झाला होता. २००२ मध्ये जोई मॅन्ली यांनी ‘मॉडर्न टेल्स’ काढले : एक मासिक वर्गणी भरा आणि अनेक चित्रकारांची कॉमिक्स वाचा. उपक्रम चालला, परंतु भिंतीआडच्या कॉमिकचा दुवा मित्राला पाठवता येत नसे. आणि वेबकॉमिकचा प्रसार तर याच एका गोष्टीवर उभा होता!

१२/
प्रसाराच्या त्या रीती पाहा. एकाने दुसऱ्याच्या कॉमिकचा दुवा आपल्या पानावर द्यायचा. आजारपणात किंवा सुट्टीत मित्र-चित्रकाराने ‘पाहुणे कॉमिक’ काढून द्यायचे. दोघांच्या पात्रांची एकाच गोष्टीत गाठ घालायची. सर्वांत प्रभावी जाहिरात म्हणजे वेळापत्रक. सोमवार-बुधवार-शुक्रवार म्हटले की त्या दिवशी चित्र लागलेच पाहिजे. ही शिस्त मोडली की वाचक हळूहळू पांगत.

१३/
रायन नॉर्थ यांचे ‘डायनासोर कॉमिक्स’ २००३ पासून चालू आहे. त्यात चित्रे दररोज तीच, बदलतात ते केवळ संवाद! याच नॉर्थ यांनी २००६ मध्ये ‘प्रोजेक्ट वंडरफुल’ ही जाहिरात-व्यवस्था उभी केली. येथे जाहिरातीची जागा क्लिकवर नव्हे, तर वेळेवर लिलावाने विकली जाई. बोली अगदी शून्यापासूनही सुरू होऊ शके. त्यामुळे नवखा चित्रकार चिल्लर मोजून आपले कॉमिक दुसऱ्या कॉमिकच्या वाचकांपुढे ठेवू शकला.

१४/
एव्हाना एक तोडगा आकार घेत होता : कॉमिक फुकट द्या, वस्तू विका. टी-शर्ट, भित्तिचित्रे, पुस्तके. ‘पेनी आर्केड’ने तर २००४ मध्ये स्वतःचे गेम-संमेलन भरवले. सिंडिकेटच्या काळात वस्तूंवरचा हक्क चित्रकाराकडून काढून घेतला जाई. आता तोच हक्क चित्रकाराचे पोट भरू लागला. वॉटरसन यांनी नाकारले ते इतरांनी आनंदाने स्वीकारले. फरक एवढाच की निर्णय त्यांचा स्वतःचा होता.

१५/
‘फुकट दिले तर पुस्तक कोण घेईल?’ या शंकेचे उत्तर फिल आणि काया फोलिओ या दांपत्याने दिले. त्यांचे ‘गर्ल जीनियस’ आधी छापील अंकांच्या रूपाने निघे. एप्रिल २००५ मध्ये त्यांनी अंक थांबवून आठवड्याला तीन पाने वेबवर विनामूल्य देण्यास आरंभ केला. पुस्तकांची विक्री घटली नाही, उलट वाढली. चित्रकथेसाठीचा ह्यूगो पुरस्कार २००९ ते २०११ अशी सलग तीन वर्षे त्यांनाच मिळाला.

१६/
आणि मग २०१२. रिच बर्ल्यू यांचे ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’ हे काडीसारख्या आकृत्यांचे विनोदी कॉमिक २००३ पासून फुकट वाचायला मिळत होते. त्याचा एक खंड अनुपलब्ध झाला. पुनर्मुद्रणासाठी बर्ल्यू यांनी ‘किकस्टार्टर’वर ५७,७५० डॉलर मागितले. महिनाभरात १४,९५२ लोकांनी १२,५४,१२० डॉलर दिले.

१७/
भागाकार करून पाहा : माणशी सरासरी सुमारे ८४ डॉलर. ज्या वाचकाने पंचवीस सेंट देण्यास कुरकुर केली होती, त्याच जातीच्या वाचकाने हे पैसे दिले, तेही आधीच फुकट वाचलेल्या गोष्टीसाठी. शर्की म्हणाले होते तेच खरे ठरले. वाचण्यापूर्वी मागितलेले पैसे हे ओझे होते. वाचून प्रेम जडल्यावर दिलेले पैसे ही कृतज्ञता होती.

१८/
मराठी वाचकाला ही रीत परकी वाटू नये. मुद्रणाच्या आरंभकाळात आगाऊ वर्गणीदार मिळवून ग्रंथ छापले जात आणि आश्रयदात्यांची नावे ग्रंथातच छापून त्यांचे ऋण मानले जाई. ‘प्रकाशनपूर्व सवलत’ तर आजही आपल्या परिचयाची आहे. किकस्टार्टरने या जुन्या रिवाजाला जगभरचे अंगण मिळवून दिले, इतकेच.

१९/
मात्र पुस्तक एकदाच छापले जाते आणि घरभाडे दरमहा येते. ही उणीव २०१३ मध्ये ‘पेट्रिऑन’ने भरून काढली : चाहत्याने दरमहा एक-दोन डॉलर द्यावेत. म्हणजे मॅक्लाउड यांची चिल्लर परत आली, परंतु एकेका पानाची किंमत म्हणून नव्हे, तर चित्रकाराला दिलेला मासिक आधार म्हणून.

२०/
डिसेंबर २०१७ मध्ये जुने भूत पुन्हा उभे राहिले. प्रत्येक देणगीमागे २.९ टक्के अधिक ३५ सेंट शुल्क चाहत्यांकडून घेण्याचे पेट्रिऑनने जाहीर केले. एक डॉलर देणाऱ्याला आता १.३८ डॉलर पडणार होते. अनेकांनी देणग्या तत्काळ रद्द केल्या, चित्रकार संतापले, आणि आठवड्याभरातच कंपनीला माघार घ्यावी लागली. माघार झाली, पण आपली मीठभाकर कोणाच्या हाती आहे, हेही चित्रकारांना कळून चुकले.

२१/
प्रसाराच्या वाटाही अशाच आखडल्या. १ जुलै २०१३ रोजी ‘गूगल रीडर’ बंद झाले. आवडत्या संकेतस्थळांवरील नवे पान आपोआप वाचकापुढे आणणारी ती सोय होती. २०१८ मध्ये प्रोजेक्ट वंडरफुलनेही दार लावले. वाचक समाजमाध्यमांवर गेला. तेथे चित्र कोणाला दिसावे, हे वेळापत्रक नव्हे, अल्गोरिदम ठरवतो.

२२/
दक्षिण कोरियाने तर प्रारंभापासून वेगळी वाट धरली. तेथे २००३-०४ पासून ‘डाउम’ आणि ‘नेव्हर’ या मोठ्या पोर्टलांनीच वेबटून प्रकाशित केले. मोबाइलवर वरून खाली सरकत वाचण्याची पद्धत तेथे रुळली आणि २०१४ मध्ये इंग्रजी आवृत्तीद्वारे जगभर पोहोचली. चित्रकाराला मोबदला आणि प्रचंड वाचकवर्ग मिळाला. सोबत दर आठवड्याच्या अंकाचे जोखड आणि दारावर पुन्हा एक द्वारपाल.

२३/
या तीस वर्षांचा हिशेब मांडला तर एक गोष्ट ठळक दिसते. तंत्र बदलले, मध्यस्थ बदलले, पण टिकले ते चित्रकार ज्यांनी तीन गोष्टी सोडल्या नाहीत : पात्रांची मालकी, स्वतःचे संकेतस्थळ आणि वाचकाशी थेट नाते. सीगल-शुस्टर यांनी १३० डॉलरच्या मोबदल्यात यातली पहिलीच गोष्ट देऊन टाकली होती.

२४/
आज एखादा मराठी तरुण टॅबलेटवर आपले पहिले कॉमिक काढत असेल, तर त्याच्यापुढेही हाच प्रश्न आहे. लाइक कोणत्या मंचावर जास्त मिळतील, हा विचार त्याने जरूर करावा. पण तो मंच उद्या बंद झाला, तर आपली चित्रे आणि आपले वाचक आपल्यापाशी उरतील का, हे त्याने आधी पाहावे.

(समाप्त)