एका ‘टक्’ आवाजाचा इतिहास

वीज वाहणारे तारेचे वेटोळे चुंबकासारखे वागते, हे आंद्रे-मारी अँपिअरने १८२० च्या दशकात उलगडले. ‘सोलेनॉइड’ हे नावही त्याचेच. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विद्युत स्टार्टर आला आणि हँडल उलटून मनगटे मोडण्याचे दिवस सरू लागले. भारतात अँबॅसडरसोबत हँडल पुढेही दीर्घकाळ वावरले.

स्टार्टरचा प्रचंड प्रवाह जोडण्याचे काम सोलेनॉइडकडे गेल्यावर निदान मेकॅनिकच्या कानावर आले. सलग ‘टकटक’ म्हणजे बहुधा दुबळी बॅटरी. दिवे प्रखर असूनही एकच ‘टक्’ उमटला, तर संशय दुहेरी: सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळाले, की मोटरचे ब्रश झिजले? येथे कान अपुरा; हातोडीच्या ठोक्याने अडकलेले ब्रश कधी तात्पुरते जुळतात, पण तो खात्रीचा उपाय नव्हे. किल्ली फिरवलेली ठेवून सोलेनॉइडच्या दोन जाड टर्मिनलांवर मीटर लावावा. १२ व्होल्टच्या आसपास दिसले, तर दोषी सोलेनॉइड. जवळजवळ शून्य दिसले, तर मोटर.