मतपत्रिका कोणी छापायची? चिली, १९५८

१/ मत विकत घेणाऱ्यापुढे एक जुनी अडचण असते. पैसे देऊन झाले, मतदार पडद्यामागे गेला. आत त्याने काय केले हे कळावे कसे? आपल्याकडे ‘लक्ष्मीदर्शन’ घडविणारे उमेदवारही निकालानंतर याच प्रश्नाने हैराण होतात. दक्षिण अमेरिकेतील चिलीमध्ये मात्र १९५८ पर्यंत हा प्रश्न बव्हंशी सुटलेला होता. आजचा धागा त्याविषयी.

२/ चिलीत निवडणुकांची परंपरा जुनी. परंतु एकोणिसाव्या शतकात निकाल प्रामुख्याने सरकारच ठरवीत असे. १८९० च्या कायद्याने मतदानासाठी स्वतंत्र खोली आणि लिफाफा आणला. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष बाल्मासेदा आणि संसद यांच्यात यादवी युद्ध झाले, बाल्मासेदा पराभूत झाले आणि निवडणुकीची यंत्रणा नव्या कायद्याने नगरपालिकांच्या हाती गेली. सरकारचा हात निघाला खरा. पण ग्रामीण भागात नगरपालिका कोणाची? जमीनदाराची.

३/ येथे एक विसंगती ध्यानात घ्यावी. सरकारी दडपशाही चालू होती तोवर मत विकत घेण्याची गरज मर्यादित होती. स्पर्धा खरी झाली, तसा मताला भाव आला. ‘कोएचो’, म्हणजे मतांची लाच, हा शब्द चिलीच्या राजकारणात रुळला तो याच काळात. मतखरेदी हे मागासलेपणाचे लक्षण मानण्याची आपल्याला सवय आहे. चिलीत ती लोकशाहीच्या वाढीबरोबर वाढली.

४/ आता मुख्य मुद्दा. लिफाफा सरकारी होता, पण त्यात घालावयाची मतपत्रिका सरकार छापत नसे. प्रत्येक पक्ष आपापली मतपत्रिका छापून वाटीत असे आणि मतदार ती बाहेरूनच घेऊन येई. म्हणजे समाजवादी उमेदवाराला मत द्यायचे असेल, तर आधी समाजवाद्यांचा कागद कुणाकडून तरी मिळवावा लागे. शहरात हे जमे. मध्य खोऱ्यातील एखाद्या मोठ्या जमीनदारीवर ते कागद आत येणार कोठून?

५/ या जमीनदाऱ्यांवर ‘इन्किलिनो’ राहत. मालकाने दिलेले घर, कसण्यापुरता जमिनीचा तुकडा, जनावरे चारण्याची मुभा. बदल्यात वर्षभर मालकाच्या शेतावर राबणे. आपल्या परिभाषेत सांगायचे तर सालगडी आणि कूळ यांच्या मधला माणूस. नोकरी गेली की घरही जाई. मतदानाच्या दिवशी मालकाची माणसे त्याला गावात नेत आणि मालकाच्या पक्षाची मतपत्रिका त्याच्या हाती देत. रोख रकमेची आवश्यकताच नसे. साक्षरतेची अट असल्याने अनेक इन्किलिनो मतदार नव्हतेच. जे होते, त्यांचे मत असे बांधलेले होते.

६/ याला ‘खरेदी’ म्हणावे की ‘वेठ’? माझ्या मते दोन्ही शब्द अपुरे आहेत. इन्किलिनोला गावातल्या इतर मजुरांपेक्षा काहीसे बरे स्थान मिळे, आणि ते गमावण्याची भीती हाच त्या मताचा मोबदला होता.

७/ १९५८ मध्ये राष्ट्राध्यक्ष इबान्येस यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस उजव्या पक्षांविरुद्ध एकवटलेल्या पक्षांनी निवडणूक कायदा बदलला. यापुढे सर्व उमेदवारांची नावे असलेली एकच मतपत्रिका राज्यसंस्था छापील आणि ती मतदान केंद्रावरच मिळेल, एवढीच मूळ तरतूद. अत्यंत रुक्ष! परंतु कागद बाहेरून आणणेच थांबल्यामुळे जमीनदाराची नजर आंधळी झाली.

८/ (आपल्याकडील एक समांतर गोष्ट. १९५१-५२ मध्ये भारतात प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि कोरी मतपत्रिका तीत टाकायची असे. ती न टाकता खिशात घालून बाहेर आणणे शक्य होते. शिक्का मारण्याची पद्धत त्यानंतर सार्वत्रिक झाली.)

९/ परिणाम लगेच दिसला का? सप्टेंबर १९५८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत उजव्यांचे होर्हे अलेस्सांद्री जिंकले, पण साल्वादोर आयेंदे यांच्यावर त्यांची आघाडी अवघी ३३ हजारांची होती. कातापिल्को गावच्या एका माजी धर्मगुरूने याहून अधिक, ४१ हजार मते घेतली नसती, तर चिलीचा इतिहास बदलला असता काय, यावर तिकडे आजही वाद रंगतात.

१०/ खरा धक्का मार्च १९६४ मध्ये बसला. कुरिको हा शेतीप्रधान, जमीनदारांचा बालेकिल्ला समजला जाणारा प्रांत. तेथील पोटनिवडणूक समाजवादी ओस्कार नारान्होने जिंकली. उजवे इतके घाबरले, की आपल्या आघाडीचा उमेदवार वाऱ्यावर सोडून त्यांनी ख्रिस्ती लोकशाहीवादी एदुआर्दो फ्रेई यांना पाठिंबा दिला. फ्रेई ५६ टक्के मतांनी निवडून आले. १९६५ मध्ये त्यांच्या पक्षाला कनिष्ठ सभागृहात १४७ पैकी ८२ जागा मिळाल्या, आणि १९६७ मध्ये फ्रेई यांनी व्यापक जमीन सुधारणा कायदा आणला. ज्यांना आधार द्यावा लागला, त्याच माणसाने जमीनदारी मोडायला घेतली.

११/ अर्थशास्त्रज्ञ बालाँ आणि रॉबिन्सन यांनी २००८ मध्ये या बदलाची आकडेवारीने तपासणी केली. इन्किलिनो जास्त असलेल्या भागांत १९५८ पूर्वी उजव्यांना लक्षणीय अधिक मते मिळत. सुधारणेनंतर तो फरक जवळजवळ नाहीसा झाला. त्याहून विलक्षण म्हणजे अशा भागांत जमिनीच्या किमतीही घसरल्या. जमिनीच्या भावात पिकाबरोबर मतांचेही मोल धरलेले होते, असा त्याचा अर्थ.

१२/ सर्व श्रेय कागदाला देणे मला घाईचे वाटते. १९५८ ते १९६४ या सहा वर्षांत नोंदणीकृत मतदार सुमारे १५ लाखांवरून २९ लाखांवर गेले, जमीन सुधारणेची चर्चा गावोगाव पोहोचली, चर्चचाही एक भाग शेतमजुरांच्या बाजूने उभा राहिला. शिवाय आश्रय देण्या-घेण्याचा व्यवहार संपला नाही. आर्तुरो वालेन्सुएला यांच्या अभ्यासात नगरसेवक आणि खासदार यांच्यामार्फत निवृत्तिवेतन, शिफारसपत्र, पूल-रस्ता मिळविण्याची साखळी तपशिलाने आली आहे. फरक इतकाच, की या मध्यस्थाच्या हाती मतदाराच्या घराची चावी नव्हती.

१३/ साक्षरतेची अट १९७० मध्ये गेली. त्यानंतर चिलीतील निरक्षरांनी प्रथमच मत दिले. राज्यसंस्थेने छापलेल्या मतपत्रिकेवर.