नोंदवहीतील १९१४ वा क्रमांक

सातारच्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी नऊ वर्षांचा एक मुलगा इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाला. नोंदवहीत त्याला क्रमांक मिळाला १९१४. नाव लिहिले गेले भिवा रामजी आंबेडकर. समोर मुलाची सहीही आहे. शाळा त्या काळी राजवाड्यात भरत असे. पुढे तिला प्रतापसिंह हायस्कूल हे नाव मिळाले. ती नोंद शाळेने आजवर सांभाळली आहे आणि २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो.

नोंद लिहिणाऱ्याला अर्थातच यातले काही ठाऊक नव्हते. वही राहिली ती रिवाजामुळे. शाळेचे जनरल रजिस्टर हे कायम ठेवायचे दप्तर. हजेरीपट आणि परीक्षेचे पेपर काही वर्षांनी रद्दीत जातात, हे जात नाही. पाटीवरचे तर त्याच दिवशी पुसले जाते. म्हणून गरिबाच्या मुलाच्या बालपणाचा बहुधा एवढाच कागद उरतो. मोठ्या घराण्यांत पत्रांच्या पेट्या असतात, मुलांचे कित्ते आणि प्रगतिपुस्तकेही आजी जपून ठेवते. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे राहत असतील, तर खाटेखालच्या ट्रंकेत कागदाला कितीशी जागा मिळणार? त्या ट्रंकेचे काम शाळेच्या कपाटाने केले.

आता या नोंदीचा उपयोग काय, ते पाहू. बाबासाहेबांच्या आडनावाविषयी अनेक गोष्टी सांगितल्या जातात. मूळ घराणे सकपाळ, गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. म्हणून आंबडवेकर, आणि सातारच्या शाळेतील आंबेडकर नावाच्या ब्राह्मण शिक्षकांनी प्रेमाने आपले आडनाव दिले, ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. गोष्ट गोड आहे, म्हणून ती फारशी कोणी तपासत नाही. परंतु प्रवेशाच्या नोंदीतच आंबेडकर हे आडनाव असेल, तर शिक्षकांचा लळा लागण्यापूर्वीच ते तेथे आले कसे, असा प्रश्न सरळ उभा राहतो. नोंद मागाहून दुरुस्त झाली होती काय? याचे उत्तर छापील नकलेतून मिळायचे नाही. शाई एक आहे की दोन, अक्षर एकाच हाताचे आहे काय, खाडाखोड आहे काय, हे मूळ पानावरच पाहावे लागते. फोटो काढून झाला, आता वही गेली तरी चालेल, असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

मात्र कागदाला सर्व काही कळते असेही नाही. रजिस्टरात मुलगा कोठे बसतो याचा रकाना नसतो. आपल्याला वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे, ते गोणपाट रोज घरून न्यावे आणि परत आणावे लागे, शिपाई हजर नसेल तर पाणी मिळत नसे, हे बाबासाहेबांनी स्वतः पुढे लिहिलेल्या आठवणींत सांगितले. त्या आठवणी पुस्तिकारूपाने निघाल्या १९९० साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर चौतीस वर्षांनी. नुसती नोंदवही वाचली असती, तर या मुलाला सरकारी शाळेत इतरांसारखाच प्रवेश मिळाला, असे कोणी खुशाल लिहिले असते.

सातारहून कुटुंब मुंबईस आले ते परळला, डबक चाळीत. मुलगा एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागला आणि १९०७ साली मॅट्रिक झाला. गुण ७५० पैकी २८२. म्हणजे शेकडा अडतीससुद्धा नाहीत. हा आकडा सांगताना पुष्कळ वक्ते आवाज खाली आणतात. माझ्या मते तो मोठ्याने सांगावा. संस्कृत शिकण्याची वाट बंद झाल्याने त्याने फारसी घेतली होती, आणि अभ्यासाची जागा म्हणजे चाळीतली एकच खोली. विद्यापीठाला आकडा साधारण वाटला असेल, पण लोकांनी सभा भरवली. अध्यक्ष होते सीताराम केशव बोले, जे पुढे कामगार हितवर्धक सभेच्या कामामुळे गिरणगावाला परिचित झाले. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले. ही सभा कोणत्याही गुणपत्रिकेत नाही. ती आपल्यापर्यंत आली चरित्रकारांमुळे. चांगदेव भवानराव खैरमोडे यांनी हयातभर कागद आणि आठवणी गोळा केल्या आणि १९५२ साली पहिला खंड काढला.

थोरांचे एवढे पुरे. आपणांपैकी पुष्कळांच्या घरी शाळा सोडल्याचा दाखला असेल. जुन्या गिरणी कामगारांना घरांसाठी अर्ज भरून देताना मी पाहिले आहे की, १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत कामाला होतो, हे सिद्ध करता करता माणूस मेटाकुटीला येतो. गिरणीचे मस्टर सापडत नाही, बदली कार्ड पावसात भिजलेले, नाव एका कागदावर बाबू आणि दुसऱ्यावर बाबाजी. मग गावच्या शाळेतून दाखला आणावा लागतो. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम सुरू झाले, तेव्हा कुणबी नोंदींसाठी जुन्या महसुली दप्तराबरोबर शाळांची रजिस्टरेही उघडली गेली, त्यांत मोडी लिपीतलीही होती. एरवी ज्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे ते सापडत नाही, त्यापुढे रांगा लागल्या.

जपायचे कसे, हेही सांगितले पाहिजे. हौसेने लोक दाखल्याला प्लास्टिकचा लेप देतात. तो पुढे सुटत नाही आणि कागद आतल्या आत मरतो. चिकटपट्टीचे डाग पडतात, टाचणी गंजते. आपले जुने दप्तरदार कागद रुमालात बांधून कोरड्या जागी ठेवीत. सुती कापडाचा तो रुमाल अजूनही बरा. जमिनीपासून वर, भिंतीपासून थोडे दूर, आणि पावसाळा संपला की एकदा उघडून वाळवी पाहावी. शाळा बंद झाली किंवा दुसरीत मिळवली, तर रजिस्टर कोठे गेले याची पोच लेखी घ्यावी. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे. त्याच कॉलेजात बाबासाहेब १९०८ साली दाखल झाले. तेथे सरकारी खात्यांचे कागद नीट राहतात. लालबाग-परळच्या शाळांची रजिस्टरे शाळांच्याच हवाली आहेत. त्यांत जात आणि जन्मतारीख असल्याने ती वाटेल त्याला दाखवू नयेत हे खरे, पण त्यासाठी नियम करता येतो.

सातारच्या त्या पानाचे छायाचित्र जेव्हा छापले जाते, तेव्हा बहुधा एकच ओळ मोठी करून दाखवतात. १९१३ आणि १९१५ या क्रमांकांची मुले कोण होती, कोणाची होती, पुढे किती इयत्ता शिकली, हे कोणी विचारत नाही. पुढच्या वेळी छापणाऱ्यांनी पान पूर्ण छापावे.