शब्दवेध : पारधी

‘पारधी’ हा शब्द ‘पारध’ म्हणजे शिकार यावरून आला. त्याचे मूळ संस्कृत ‘पापर्द्धि’ आणि प्राकृत ‘पारद्धि’ या रूपांत सापडते, अर्थ मृगया. तितर-लावे फाशात धरणारे ते फासेपारधी. शब्दात कसब आहे, गुन्हा नाही.

गुन्ह्याचा शिक्का कायद्याने मारला. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ मध्ये त्याची व्याप्ती देशभर वाढली. पारध्यांसारख्या नोंद झालेल्या जमातींच्या माणसांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवरही निर्बंध आले.

संशय मात्र टिकला. गावात चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालांची झडती होते. शेतकरी त्यांना राखणीला ठेवताना कचरतो, दुकानदार नजर ठेवतो, वर्गात मुले लांब बसतात. काम नाकारले गेल्याने दारिद्र्य वाढते आणि त्याच दारिद्र्याकडे बोट दाखवून संशय पक्का केला जातो. स्वतःवर अन्याय झाला तरी पारधी कुटुंब पोलीस ठाण्याची पायरी चढायला घाबरते. जन्मावरून माणसाला गुन्हेगार मानणे हा अन्याय आहे. पुस्तकातून गेलेला कायदा रोजच्या वागण्यातूनही जायला हवा.