हरलेल्या डावाचे दफ्तर

बुद्धिबळाच्या पटावर पराभूत झालेल्या मनुष्याला दैवाला बोल लावण्याची सोय नसते. चौसरात फासे उलटे पडतात, गंजिफात हाती हलकी पाने येतात. परंतु येथे दोन्ही सैन्ये समसमान, रणांगण उभयतांच्या दृष्टीसमोर उघडे आणि प्रत्येक खेळी खेळणाराच्या स्वेच्छेची, तेव्हा जो हरला तो आपल्याच विचारातील दोषामुळे हरला, हा फैसला अपिलावाचून कायम होतो. असे असूनही तो दोष नेमका कोठे दडला होता हे हुडकून काढण्याची, आणि त्यासाठी संपलेला डाव आरंभापासून पुन्हा पटावर मांडण्याची रीत या खेळात फार उशिरा रूढ झाली. खेळाचे वय सुमारे दीड हजार वर्षांचे. ही रीत मात्र, तिच्या आजच्या रूपात, दोनअडीचशे वर्षांपलीकडे जात नाही.

याचे कारण उघड आहे. मोडलेला डाव पुन्हा मांडावयाचा तर त्याची नोंद हवी, आणि जुन्या काळी लिहून ठेवले जाई ते मुख्यतः कूटस्थितींचे ज्ञान. दहाव्या शतकात बगदादच्या खलिफांच्या दरबारी मान पावलेल्या अस्-सूलीसारख्या पंडितांनी अशा स्थितींचे संग्रह रचले. आपल्याकडे १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर छापले गेले, तोही मुख्यत्वे निवडक स्थितींचाच संग्रह होता. या ग्रंथांतून बुद्धी तीक्ष्ण होई यात संशय नाही. परंतु त्यांत विजयाचे अखेरचे शिखर तेवढे दिसे, आणि पायथ्यापासून तेथवर येताना वाट कोठे चुकली हे कळण्याचा मार्ग त्यांत नव्हता.

एका माणसाच्या लेखणीने केवढा फरक पडतो याचे उदाहरण कलकत्त्यात सापडते. १८५० च्या सुमारास जॉन कॉक्रेन नावाचा बॅरिस्टर तेथे महेशचंद्र बंद्योपाध्याय या बंगाली खेळाडूशी वारंवार खेळत असे, आणि खेळलेले डाव टिपून ठेवण्याची त्याची शिस्त होती. राजाकडील उंट घोड्याच्या प्याद्यामागे बसवून मध्यभाग प्रतिपक्षाच्या हवाली करावयाचा व मग त्यावर हल्ला चढवावयाचा, ही महेशचंद्रांची पद्धती त्या नोंदींमुळेच युरोपास कळली, आणि त्या व्यूहाला ‘भारतीय बचाव’ हे नाव मिळाले. त्यांच्या तोडीचे इतर कितीतरी हिंदी खेळाडू लेखनिकाच्या अभावी विस्मृतीत गेले असतील, असे मानावयास पुष्कळ जागा आहे.

युरोपात या दफ्तराचा खरा पाया १८३४ साली लंडनमध्ये पडला. फ्रान्सचा लाबुर्दोने आणि आयर्लंडचा मॅक्डॉनेल यांच्यात त्या साली झालेल्या मुकाबल्यांचे डाव वेस्टमिन्स्टर क्लबच्या विल्यम ग्रीनवुड वॉकर याने पटाशेजारी बसून उतरवून घेतले. ८५ डावांपैकी लाबुर्दोनेने ४५ जिंकले, २७ गमावले आणि १३ बरोबरीत सुटले. पुढच्या सहा वर्षांत दोघेही कालवश झाले. तथापि त्यांचे डाव मात्र छापले गेले, आणि एका संपूर्ण पिढीने ते चाळून, तपासून, त्यांतील उणिवा दाखवून आपली बुद्धी घडविली. १८९५ मध्ये जर्मन वैद्य झीगबर्ट टारॅश याने आपले ३०० डाव टीपांसह प्रसिद्ध केले. १९२७ मध्ये अलेखिनने अजिंक्य समजल्या जाणाऱ्या कापाब्लांकाच्या डावांची कसून छाननी केली. तोवर त्याच्याविरुद्ध एकही डाव न जिंकलेल्या या खेळाडूला त्या विजयी डावांतही ढिलाईच्या जागा सापडल्या, आणि ब्युनोस आयर्समध्ये ३४ डावांच्या झुंजीनंतर त्याने जगज्जेतेपद हिरावून घेतले.

इतरांच्या डावातील चुका काढणे हे कठीण खरे. पण स्वतःच्या डावातील चुका काढून त्या चारचौघांपुढे मांडणे हे त्याहून कितीतरी कठीण. या कर्माला शास्त्राची प्रतिष्ठा दिली ती मिखाईल बॉटविनिक याने. १९११ साली जन्मलेला हा रशियन गृहस्थ विद्युत्-अभियंता होता, आणि प्रयोगशाळेतील शिस्त त्याने पटावर आणली. आपल्या डावांचे परीक्षण खेळाडूने स्वतः करावे, एवढेच सांगून तो थांबला नाही. ते परीक्षण छापून जाहीर करावे, असा त्याचा आग्रह होता. मनुष्य घरी एकटा बसून विचार करतो तेव्हा स्वतःच्या बाजूने साक्ष देणारा वकील त्याच्या मनातच दडलेला असतो. मसुदा छापून लोकांपुढे गेला म्हणजे शेकडो परकी डोळे त्यातील खोट शोधतात, आणि त्या भयाने लिहिणाराही प्रामाणिक होतो.

या तत्त्वाची कसोटी १९६० साली लागली. मॉस्कोत तेवीस वर्षांच्या मिखाईल तालने त्याला १२.५ विरुद्ध ८.५ गुणांनी हरवून जगज्जेतेपद घेतले. त्यातील सहावा डाव जवळून पाहण्याजोगा आहे. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या तालने महेशचंद्रांच्या वळणाचाच राजाकडील भारतीय बचाव योजला होता. एकविसाव्या खेळीला त्याने आपला घोडा एफ-४ या घरात, प्रतिपक्षाच्या प्याद्याच्या तोंडी, नेऊन ठेवला. प्रेक्षागृहात एवढा गलबला उडाला की पंचांना तो डाव मागल्या दालनात हलवावा लागला. बॉटविनिकने घोडा मारला. थोड्या वेळाने तालच्या वजिराने बी-२ वरचे प्यादे टिपले, बॉटविनिकने त्या वजिरावर हत्तीचा रोख धरला, आणि तालने प्रत्युत्तरादाखल आपले प्यादे एफ-३ वर रेटले. पंचविसाव्या खेळीला बॉटविनिकने वजीर घेतला, तालच्या प्याद्याने त्याचाही वजीर खाल्ला, आणि पुढे डाव बॉटविनिकच्या हातून गेला. नंतरच्या चिकित्सेत निष्पन्न झाले की त्या क्षणी वजिराचा मोह आवरून उंटाने एफ-३ वरचे प्यादे मारले असते, तर त्या बलिदानाचा सारा डोलारा कोसळला असता.

सामान्य खेळाडू या शोधावर समाधान मानून थांबला असता: पंचविसावी खेळी चुकली, पुढील वेळी चुकणार नाही. बॉटविनिकचा मोठेपणा असा की त्याने या उत्तराला उत्तर मानले नाही. घड्याळाचा काटा पुढे सरकत असताना, दहा फाटे फुटलेल्या गुंतागुंतीत ती अचूक खेळी सापडावी, अशी अपेक्षा धरणेच व्यर्थ, आणि अशा गुंत्यात आपल्यापेक्षा ताल निःसंशय सरस आहे, हे त्याने कबूल केले. म्हणजे दोष पंचविसाव्या खेळीचा नसून त्या स्थितीपर्यंत आपण डाव जाऊ दिला, हा आहे. विजेत्या तालनेही आपल्या विचारांची कैफियत पुस्तकरूपाने जाहीर केली होती. प्रतिस्पर्ध्याला अभ्यासाकरिता एवढा पुरावा पुरेसा होता. पुढल्या वर्षीच्या परत मुकाबल्यात बॉटविनिकने बंद रचनेचे डाव मांडले, वजीर लवकर मारामारीत संपवले आणि झुंज शक्य तेथे अंतिम अवस्थेकडे वळवली. एकोणपन्नासाव्या वर्षी त्याने दहा डाव जिंकून, पाच गमावून आणि सहा बरोबरीत सोडवून १३ विरुद्ध ८ गुणांनी गेलेले पद परत मिळवले. तालची प्रकृती त्या वेळी ठीक नव्हती, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. परंतु डावांची ठेवणच बदललेली होती, आणि हा बदल आजाराने घडवलेला नव्हता.

चुकीच्या खेळीचा शोध हा डावपेचांचा अभ्यास आणि त्या खेळीच्या मुळाशी असलेल्या निर्णयाचा शोध हा व्यूहनीतीचा अभ्यास, हा भेद या दोन वर्षांच्या इतिहासातून जितका स्पष्ट होतो तितका क्वचितच अन्यत्र होत असेल. १९६३ पासून बॉटविनिकने जी शाळा चालवली तिचा कारभारही याच पायावर उभा होता. तेथे मुलांनी स्वतःचे डाव आणावयाचे, गुरूंच्या व सोबत्यांच्या देखत पटावर मांडावयाचे, आणि प्रत्येक महत्त्वाच्या वळणावर आपण काय विचार केला होता ते सांगावयाचे. पोरवयात या शाळेत बसलेले कार्पोव्ह, कास्पारोव्ह आणि क्रामनिक हे तिघेही पुढे जगज्जेते झाले.

आज संगणकयंत्र एका क्षणात चुकीची खेळी दाखवून देते, आणि त्यामुळे कित्येक होतकरू मुलांना असे वाटू लागले आहे की परीक्षणाचे काम परस्पर उरकले. यंत्र खेळीचा निवाडा करते. खेळणाराच्या मनात त्या क्षणी कोणता लोभ, कोणती भीती किंवा कोणता आळस होता, याची माहिती त्याच्या दफ्तरी नसते. ती मुलाने स्वतःच्या हाताने, यंत्राला विचारण्यापूर्वी, डाव ताजा असतानाच लिहिली पाहिजे, आणि लिहून झाल्यावर आपल्याहून जाणत्या माणसाला ती दाखवली पाहिजे. गुरू कोणी लाभो वा न लाभो, एवढी शिस्त ज्याने अंगी बाणवली, त्याचा हरलेला कोणताही डाव फुकट जात नाही.