पाण्यावरून उठणारी नाव

लातूरच्या माणसांपुढे नावांच्या शर्यतीवर बोलायचं म्हणजे जरा धाडसच. आपल्याकडे पाणी मोजायचं ते घागरीनं, टँकरनं आणि नळाच्या पाळीनं. तरी गोदा-मांजरेच्या काठची माणसं पाण्याला कधी भ्याली नाहीत. वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधून नदी ओलांडण्याची रीत आपल्या जुन्या पिढ्यांना ठाऊक होती. सांगड माणसाला बुडू देत नाही. पण पाण्याच्या वर उचलून धरणारी नाव? या स्वप्नाचा इतिहास सव्वाशे वर्षांच्या आसपासचा आहे.

युक्ती साधी आहे. नावेच्या तळाखाली, पाण्यात, विमानासारखा पंख बसवायचा. त्याला फॉइल म्हणतात. नावेनं वेग घेतला की हा पंख पाणी खाली ढकलतो आणि नाव वर उचलली जाते. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट, म्हणून लहानसा पंखही पुरतो. नावेचं अंग पाण्याबाहेर आलं की पाण्याचा अडथळा घटतो आणि वेग आणखी वाढतो.

इटलीच्या एन्रिको फोर्लानिनी यांनी १९०६ साली माज्जोरे सरोवरावर अशी नाव चालवून दाखवली. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल १९११ साली तिथं गेले, त्या नावेत बसले आणि भारावून परतले. पुढे ९ सप्टेंबर १९१९ रोजी कॅनडातल्या सरोवरावर बेल यांच्या नावेनं ताशी सुमारे ११४ किलोमीटरचा विक्रम केला. तेव्हा बेल ७२ वर्षांचे होते.

या नावा इंजिनाच्या होत्या. निव्वळ वाऱ्यावर असं उठणं अधिक कठीण. ते जगानं डोळे भरून पाहिलं २०१३ साली, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत, अमेरिका कपच्या शर्यतीत. ७२ फुटी जोडनावा वाऱ्यावर पाणी सोडून धावत होत्या. न्यूझीलंडला कपासाठी एकच विजय हवा होता. २० सप्टेंबरला त्यांची नाव खूप पुढे होती. पण वारा पडला, ४० मिनिटांची मुदत संपली आणि शर्यत रद्द झाली. त्यानंतर अमेरिकी संघ एकेक शर्यत जिंकत गेला आणि अखेर ९-८ असा कप घेऊन गेला. यंत्र कितीही हुशार असो, वाऱ्यानं पाठ फिरवली की त्याचं काही चालत नाही.

आज ही कला एकट्या माणसाच्या पायाखाली आली आहे. फळीखाली फॉइल आणि हातात फुगवलेला हलका पंख घेऊन तरुण मुलंमुली पाण्यावर हातभर उंच, जवळजवळ आवाज न करता सरकत जातात. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये शिडाची आणि पतंगाची, अशा फॉइलवरच्या दोन्ही शर्यती मार्सेच्या समुद्रात झाल्या.

‘समुद्र कुठं आणि आपण कुठं!’ असं कुणी म्हणेल. त्याला उत्तर भोपाळनं दिलं आहे. भोपाळलाही समुद्र नाही. पण तिथं जुना मोठा तलाव आहे आणि त्यावर नौकानयनाची शाळा आहे. देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर तिथं शिकली आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत तिनं शिडाच्या नावेवर रौप्यपदक मिळवलं. याच स्पर्धेत इबाद अलीनं शिडाच्या फळीवर कांस्यपदक जिंकलं. ती फळी बिनफॉइलची होती. पण वारा वाचायची विद्या तीच.

आपल्याकडे एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर अंतर कापून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर पाणी उतरलं, तेव्हा मांजरा धरण कोरडं पडलेलं होतं. त्याच वर्षी पावसाळा सरता सरता ते भरलंही. म्हणजे पाणी येतं; प्रश्न ते राखण्याचा आहे. फॉइलला खोली लागते. गाळानं उथळ झालेल्या पाण्यात पंख रुततो आणि स्वार तोंडावर आपटतो. तहान आधी भागली पाहिजे, यात वादच नाही. पण गाळ काढला, तळं राखलं, तर तहान भागवून उरलेल्या पाण्यावर आपली मुलंही वारा धरायला शिकतील. पाण्याचं नाव काढलं की आज त्यांना टँकरची रांग आठवते. उद्या दुसरंही काही आठवावं.